हरण्या मोटारीचा सोमवार

मोटार चालवायला अक्कल लागत नाही, असं विरुपाक्षचं ठाम मत होतं. चालवणारा नुसतं चाक धरून बसतो, बाकीचं काम रस्ता करतो. अक्कल लागते ती मोटार नेमायला. कोणती मोटार केजला, कोणती माजलगावला, कोणती सोनपेठला, आणि कोणावर कोण डायवर, हे सकाळी सकाळी ओट्यावर उभं राहून ठरवायचं म्हणजे खायचं काम नव्हे. धुळाजी डायवरची सासुरवाडी माजलगावच्या वाटेवर. त्याला तिकडं धाडला की मोटार बरोबर जेवणाच्या वक्ताला बिघडायची, ती सासूच्या दारात. म्हणून धुळाजी केजला. दुसऱ्या डायवरचं केजला कोणाशी तरी भांडण, म्हणून तो सोनपेठला. तिसऱ्याला उजवीकडं वळायचं म्हटलं की घाम फुटायचा, म्हणून तो सरळ रस्त्याच्या माजलगावला. असा सगळा विचार करून विरुपाक्ष शिट्टी फुंकायचा. त्याला स्वतःला मोटार चालवता येत नव्हती. पण सेनापती काय स्वतः तोफ ओढतो?

मोटारी सासऱ्याच्या. मल्लिनाथअप्पा म्हणजे परळीच्या पेठेतले गुळाचे मोठे व्यापारी. जावयाच्या डोक्यातलं मोटारीचं खूळ त्यांनी ऐकून घेतलं, तीन मोटारी घेऊन दिल्या आणि एकच वाक्य बोलले, "जावईबापू, परवाना हाय तवर मोटार. परवाना गेला की दुकान." दुकान म्हणजे गुळाच्या ढेपी, ढेपींवर मुंगळे, आणि मुंगळ्यांच्या वर सासरे. घरजावयाला रात्री एकाच छपराखाली झोपावं लागतं, तेवढं पुष्कळ. दिवसाही एकाच गादीवर बसायचं म्हटल्यावर विरुपाक्ष विषयच बदलायचा.

तर अडचण अशी होती की मोटारीत कोणी बसत नव्हतं.

पेठेतले दोन-चार शौकीन बसायचे, पण खेड्यातला शेतकरी लांबूनच बघायचा. "चारा खात न्हाई, वैरण खात न्हाई, आन् पळतंय कशाच्या जिवावर बे?" असा त्यांचा सवाल. ह्यावर विरुपाक्षनं पेट्रोल समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यानं भीती वाढली. पोळा जवळ आला तेव्हा मात्र त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. आता ती कल्पना आली नसती तर बरं झालं असतं, असं पुढं त्यालाच शंभरदा वाटलं. पण चांगल्या कल्पनेची हीच खोड असते. येताना ती जावयासारखी वाजतगाजत येते आणि मग घरातून जात नाही.

पोळ्याला त्यानं तिन्ही मोटारी धुऊन घेतल्या. दिव्यांना हिंगूळ लावला, टपाला बेगड चिकटवली, पाठीवर झूल टाकली, गळ्यात म्हणून पुढच्या नळीला घुंगुरमाळ बांधली. बैलांच्या रांगेत शेवटी मोटारी उभ्या केल्या. सासूबाई दानम्मांनी आधी नाक मुरडलं, पण झुलीचा भरजरी काठ बघून त्यांना भरून आलं. त्यांनी पंचारती ओवाळली, कुंकू लावलं आणि पुरणपोळी पुढच्या जाळीत कोंबली. मग तिघांची नावं पडली: हरण्या, पाखऱ्या, तांबड्या.

दुसऱ्या दिवसापासून मोटारी भरून जाऊ लागल्या. नंदी म्हटल्यावर भीती कसली? बायाबापड्या चढताना पायरीच्या पाया पडायच्या. म्हातारे उतरताना हरण्याच्या टपावर थाप मारून "शाबास गड्या" म्हणायचे. कोणी कडब्याची पेंढी पुढं टाकून जायचं. जाळीत पुरणपोळी अडकून मोटार तापायची, ती धुळाजी शिव्या देत तारेनं काढायचा. पण ते चालायचंच. विरुपाक्ष ओट्यावर छाती काढून उभा राहायचा आणि बायकोला, शिवगंगेला म्हणायचा, "बघितलंस? याला म्हणत्यात धंदा."

शिवगंगा म्हणाली, "सोमवार येऊ द्या." तिचं बोलणं त्याला तेव्हा कळलं नाही.

सोमवार आला. विरुपाक्षनं शिट्टी फुंकली. एकही माणूस नाही. पुन्हा फुंकली. मोटारीपुढं दानम्मा आडव्या उभ्या होत्या, पदर खोचून.

"जावईबापू, आज वार कोणता?"

"सोमवार, मामी."

"सोमवारी आपल्यात नंदी जुंपत्यात व्हय?"

वैजनाथाचं गाव. सोमवारी शैवांच्या घरात बैलाच्या मानेवर जू चढत नाही, हे पाळण्यातलं पोरसुद्धा सांगेल. विरुपाक्षलाही ते माहीत होतं. पण मोटारीला मान कुठं असते, आणि जू कुठं असतं?

"मामी, ही मोटार हाय. लोखंड हाय हे."

"मग पोळ्याला तिला पुरणपोळी कावून चारली? लोखंडाला भूक लागती व्हय?"

विरुपाक्षनं डायवरांकडं पाहिलं. धुळाजीनं तर मोटार सुरू करायचं हँडल कधीच खाली ठेवलं होतं आणि तो हात जोडून म्हणत होता, "मालक, आपलं काय बी ऐकतो. पण सोमवारी नंदीच्या नाकात हँडल घालायला सांगू नका. मला बी लेकरंबाळं हायत." ज्यांच्या घरात आजवर सोमवार पाळत नव्हते, तेही घरी बसले. उगाच नंदीवर बसून पाप कोण घेणार? मंगळवारी जाऊ. त्या दिवशी तिन्ही मोटारी दिवसभर सावलीत उभ्या होत्या आणि कोणीतरी त्यांच्यावर माशा बसू नयेत म्हणून फडकं हलवत होतं.

एक सोमवार गेला तर आभाळ कोसळत नाही, असं विरुपाक्षनं मनाला समजावलं. तेवढ्यात सुंदरराव देशमुख आले. सुंदररावांचं काम एकच, सगळ्यांच्या आधी वाईट बातमी आणायची आणि ती सुपारी कातरत हळूहळू सांगायची.

"विरुपाक्षा, हैदराबादेहून सडकेचे साहेब निघालेत म्हणं. परवाने तपासत येऊ लागलेत."

"येऊ द्या की. आमच्या मोटारी वक्तावर सुटतात."

"रोज?"

"रोज."

"परवान्यात तेच लिवलंय न्हाई का? रोज म्हंजे रोज. एक दिवस मोटार सुटली न्हाई की परवाना खालसा." सुपारीचा तुकडा तोंडात टाकून ते थांबले. "येत्या सोमवारी येणार हायत साहेब. खुद मोटारीत बसून केजला जाणार."

विरुपाक्षच्या नाकात आत्तापासूनच गुळाचा वास यायला लागला.

आता अशा वेळी आपल्याकडं माणूस एकटा राहत नाही. संकटाची बातमी फुटली की सल्ला घेऊन अख्खी आळी येते. सल्ला हा एकच माल असा आहे की तो फुकट असूनही कोणी परत घेत नाही. एक जण म्हणाला, साहेबाला सांगा आज रविवार आहे. दुसरा म्हणाला, मोटारीचं नाव बदला, नंदीऐवजी गणपती करा. तर तिसरा म्हणाला, मग मंगळवारी आन् चतुर्थीला काय करशील? शेवटी सुंदररावांनी घसा साफ केला.

"सोमवार बैलाला पाळत्यात. रेड्याला, हल्याला कुठं पाळत्यात? हल्या सोमवारी बी जुंपत्यात. एक मोटार हल्या करून टाक."

हे शास्त्राला धरून होतं. दानम्मांनाही नाही म्हणता येईना. विरुपाक्षनं लगोलग तांबड्याला गुळाच्या पाण्यात काजळी कालवून काळा केला, तुळतुळीत. मुद्दाम नमुना म्हणून एक फेरी मारायला पेठेतून काढला. पहिल्याच वळणावर बद्रीनाथ सराफांचे वडील ओसरीवर बसले होते. नव्वदीतले. बरेच दिवस ते म्हणत होते की आता बोलावणं यावं. समोर काळाकभिन्न हल्या घुरघुरत येऊन दारात थांबला, नेमका, कारण चाकावर तो तिसरा डायवर होता आणि त्याला उजवीकडं वळता येईना. म्हाताऱ्यानं हात वर केला आणि ओरडला, "आज नको! आज नको बाबा! सुनंला अजून शेत दाखवायचं राह्यलंय!"

पेठेत पळापळ झाली. यमाचं वाहन दारात उभं केलं म्हणून सराफांच्या बायका काठ्या घेऊन निघाल्या. पाऊस आला म्हणून बरं, काजळी वाहून गेली आणि मोटार पुन्हा तांबडी झाली. पण विरुपाक्षच्या अंगावरची काजळी काही निघेना. तो तशाच तोंडानं मठात गेला.

मठातले जंगम स्वामी म्हातारे, शांत. त्यांनी सगळं ऐकलं. मग डोळे मिटले. विरुपाक्षला वाटलं झोपले.

"जुंपता यायचं न्हाई," ते म्हणाले.

"व्हय स्वामी."

"वर बसता यायचं न्हाई."

"व्हय."

"पण सोमवारी बैल पाण्यावर नेत्यात का न्हाई?"

विरुपाक्ष उभाच राहिला. "नेत्यात! कोणत्या पाण्यावर, स्वामी?"

"शास्त्रात पाणी म्हणलंय. कोणतं ते न्हाई सांगितलं."

केजला नदी होती की!

विरुपाक्षनं घरी येईतो सगळी नेमणूक मनात करून टाकली. हरण्याला केजच्या नदीवर पाण्याला न्यायचं. पाखऱ्या सिंदफणेवर, म्हणजे माजलगावला. तांबड्या गोदावरीच्या वाटेला, म्हणजे सोनपेठला. कोणी बसायचं नाही. डायवरनंसुद्धा बसायचं नाही. बैलाच्या बाजूनं चालतात तसं मोटारीच्या बाजूनं चालायचं, खिडकीतून हात घालून चाक धरायचं. पहिल्या गेरात मोटार बैलाच्याच चालीनं चालते. उतारूंनी तिकिटं काढून मागून चालायचं. सोमवारी जो चालेल तो मंगळवारी त्याच तिकिटावर बसेल, वर नंदीला पाण्यावर नेल्याचं पुण्य. हे दानम्मांनी स्वतः घरोघरी जाऊन सांगितलं, तेव्हा एवढी माणसं कबूल झाली की एवढी मोटारीत मावलीच नसती.

"आन् साहेब?" शिवगंगेनं विचारलं. "त्येंनी बी चालायचं?"

"साहेब पाहुणा हाय. पाहुण्याला दोष न्हाई."

"केजपस्तोर पायी? पोचणार कवा?"

"साहेब वैतागून पहिल्याच गावाला उतरल. मग कागदावर सही करून तांग्यानं परत. मी सगळा विचार केलाय."

 शिवगंगा नुसती त्याच्या धोतराचा काचा घट्ट आहे का बघून गेली.

सोमवारी साहेब आले. उंच, शेरवानीतले, काळी टोपी, आवाज असा की दोनदा सांगावं लागत नाही. त्यांनी लांबूनच पाखऱ्या सुटलेला पाहिला, तांबड्या सुटलेला पाहिला, घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली. विरुपाक्षच्या छातीतला एक दगड खाली उतरला. साहेब हरण्यात चढून पुढच्या बाकावर बसले.

"सवाऱ्या कुठं आहेत?"

"मागून येतात, हुजूर."

"आणि डायवर?"

"बाजूनं येतो, हुजूर."

साहेबांनी त्याच्याकडं निरखून बघितलं. पण तेवढ्यात मोटार हलली. धुळाजी डावा हात आत घालून चाक धरून, उजव्या हातानं मुंडासं सांभाळत चालू लागला. मागं दानम्मा, त्यांच्यामागं गाव. कोणीतरी हलगी आणली होती. आणू नका म्हणून विरुपाक्षनं बजावलं होतं, म्हणूनच बहुतेक. साहेबांनी मागं वळून पाहिलं. त्यांना वाटलं, आपला इस्तकबाल, म्हणजे स्वागत, चाललाय. त्यांनी जरा संकोचून हात हलवला. लोकांनी "हर हर महादेव" केलं.

विरुपाक्ष छत्री घेऊन दुसऱ्या बाजूनं चालत होता. तोंडावर साहेबांपुरतं हसू. गावाची वेस गेली. महसुली नाका गेला. एखादा तांगेवाला सहज पुढं निघून जायचा आणि जाताना हरण्याला नमस्कार करायचा.  थोड्या वेळानं साहेब म्हणाले, "ही मोटार एवढीच चालते?"

"तपासणीला म्हणून सावकाश, हुजूर. एरवी वाऱ्यासारखी जाते."

हे बोलायला नको होतं. कारण बोलता बोलता उतार लागला.

ओढ्याचा उतार. लांबून बघितला तर उतार वाटतच नाही. विरुपाक्षनं सगळा विचार केला होता. कोणत्या डायवरची सासू कुठं राहते इथपर्यंत विचार केला होता. पण रस्ता खाली जातो हे त्याच्या ध्यानातून निसटलं होतं. कारण मोटारीत बसून जाणाऱ्याला तो जाणवत नाही, आणि चालत तो कधी गेला नव्हता.

हरण्या जरा जोरात निघाला. धुळाजी जरा जोरात चालू लागला. हरण्या आणखी निघाला. धुळाजी पळू लागला. मुंडासं सुटून मागं लांबत गेलं. "मालक, आवरंना!" तो ओरडला.

"आत चढ बे! ब्रेक दाब!"

"सोमवार हाय, मालक!"

"साहेब हाय आत!"

"म्हणून तर पळू लागलो न्हाई का!" असं म्हणेपर्यंत धुळाजीचा पाय एका दगडाला लागला आणि तो रस्त्याच्या कडेला रुईच्या झुडपात गेला. अंगाला फार लागलं नाही, पण हात चाकावरून सुटला.

आता मोटारीत एकटे साहेब, आणि चाकाला कोणी नाही. मागून बायकांनी किंकाळी फोडली. खाली ओढ्याला पाणी होतं, आणि डाव्या हाताला खडक. विरुपाक्षनं छत्री टाकली. आयुष्यात पहिल्यांदा तो पळाला. घरजावई होताना जेवढा पळाला नव्हता तेवढा पळाला. पायरी हाताशी आली. मागं सासूबाई बघतायत, स्वामींचं वाक्य कानात: वर बसता यायचं न्हाई. पण उभं राहू नये असं कुठं म्हणाले? विरुपाक्ष पायरीवर चढला, उभ्यानंच आत वाकला आणि दोन्ही हातांनी चाक धरलं.

"रोको!" साहेब ओरडले.

"कसं रोकायचं, हुजूर?"

"तू डायवर नाहीस?"

"न्हाई, हुजूर! मी नेमणारा!"

खडक अंगावर येत होता. विरुपाक्षनं डोळे मिटले आणि चाक उजवीकडं फिरवलं. आयुष्यभर ज्याला हसला, त्या तिसऱ्या डायवरची ह्या क्षणी त्याला मनापासून कणव आली. हरण्या खडकाला अंग घासत वळला, एका खड्ड्यात उडाला, साहेबांची टोपी टपाला लागून उडाली, आणि मोटार धाडकन ओढ्यात शिरली. पाण्याचा पडदा उठला. मग सगळं थांबलं.

पाणी पायरीच्या वर. पुढच्या जाळीतून वाफ. नळी गुडगुडत होती. साहेब बाकावर ताठ बसले होते, शेरवानी छातीपर्यंत भिजलेली, आणि मिशीवरून थेंब थेंब. विरुपाक्ष पायरीवर गुडघाभर पाण्यात उभा होता. बसला नव्हता, एवढं मात्र कोणीही सांगेल.

गाव धापा टाकत काठावर आलं.  गुडगुड, गुडगुड, एवढाच आवाज. मग रुईतून निघालेला धुळाजी लंगडत पुढं आला, वाकून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "पितोय."

दानम्मांनी पाण्यात उतरून हरण्याच्या कपाळावर पाणी शिंपडलं. "दमलं लेकरू," त्या म्हणाल्या. मग साहेबांकडं वळल्या. "तुमाला लागलं तर न्हाई, दादा?"

"नाही, अम्मा," साहेब म्हणाले. आणि मग अगदी शांतपणे, "पण हे काय चाललं होतं, ते मला आता कोणीतरी सांगा."

विरुपाक्ष धोतर पिळू लागला. दानम्मांनीच सांगितलं. पोळ्यापासून. काही न लपवता, मध्ये पुरणपोळीची कृतीसुद्धा. साहेब ऐकत होते. विरुपाक्ष त्यांच्या तोंडाकडं बघत होता आणि त्याला त्यात एकेक मुंगळा दिसत होता.

"मग मी काय लिहू?" साहेबांनी त्याला विचारलं. "डायवर पायी, उतारू पायी, सरकारी अफसर एकटा आत, मोटार ओढ्यात. असं लिहिलं तर तुमचा परवाना आत्ता जातो."

"व्हय, हुजूर."

"आणि हैदराबादेत माझं नाव निघालं की सगळे विचारणार, ते ओढ्यातले साहेब का?" त्यांनी भिजलेली टोपी पाण्यातून काढली, पिळली. बराच वेळ पिळत राहिले. "अम्मा, एक सांगा. बैल पाण्यावर नेला आणि तो पाण्यात शिरला, तर त्यात लिहिण्यासारखं काय असतं?"

"काय बी न्हाई," दानम्मा म्हणाल्या. "बैल पाण्यात शिरायचाच."

"बस." साहेबांनी टोपी घातली. "तुम्ही म्हणता हा बैल आहे. मीही म्हणतो बैल आहे. सोमवारी बैलाला सुट्टी, ह्याला सरकारची हरकत नाही. परवाना राहील." विरुपाक्ष त्यांच्या पायावर पडायला वाकला, तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं. "पण मग पूर्ण बैल. मधेच मोटार नाही. भाड्यानं चालणाऱ्या जनावराचे जे कायदे, ते सगळे."

साहेब परळीला परतले ते एका बैलगाडीत. ती गाडी मात्र एका मोमीनाची होती, तिला सोमवारचं काही नव्हतं.

मल्लिनाथअप्पांनी सगळी हकीकत ऐकली, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "राह्यला न्हवं परवाना? मग दुकानाचं नाव काढत न्हाई. पण जनावराचे कायदे कोणते, ते इचारलं का, जावईबापू?" विचारलं नव्हतं. ते मंगळवारी चपराशी येऊन सांगून गेला.

त्या आठवड्यात ढोरांच्या दवाखान्यासमोर परळीकरांनी एक रांग बघितली. पुढं एक लंगडा खोंड, मग कोणाची तरी दूध आटलेली म्हैस, मग हरण्या, पाखऱ्या आणि तांबड्या, घुंगुरमाळा घालून. हरण्याशेजारी विरुपाक्ष उभा होता, टोपी सरळ, नजर आभाळाकडं, ओळखीचं कोणी दिसू नये अशा बेतानं. सुंदरराव देशमुख समोरच्या ओट्यावर सुपारी कातरत बसलेच होते.

म्हैस पुढं गेली. ढोर-डॉक्टरनं हरण्याच्या टपावर हात ठेवला, खाली वाकून चाकांकडं पाहिलं, सरकारी कागद वाचला, पुन्हा हरण्याकडं पाहिलं, आणि नोकरी कोणाला नको असते, म्हणून गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "खाणंपिणं नीट हाय?"

विरुपाक्षनं एकदा पेठेकडं, गुळाच्या दुकानाच्या दिशेला पाहिलं. मग हरण्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"पाणी लई पितो, डॉक्टर," तो म्हणाला. "जरा जीभ बघता का?"